माशांच्या टाकीत आपोआप पाणी भरणारं यंत्र: नागपूरच्या उन्हाळ्यात वापरून पाहिलं

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे गेला की माशांसाठी टाकीवर छोटा पंखा लावावाच लागतो. पाणी थंड राहतं खरं, पण उडतंही भराभर. शिवाय उडतं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. म्हणून भर घालायला मी आरओचंच पाणी वापरते; नळाचं घातलं तर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, चढतच जातो.

सीताबर्डीतून आणलेल्या या संचात पाण्याची पातळी प्रकाशानं ओळखणारा ऑप्टिकल सेन्सर, वर जादा फ्लोट स्विच (पाण्यासोबत वर उचलला जाणारा) आणि १२ व्होल्टचा छोटा पंप आहे. हा दुसरा स्विच मला सगळ्यात आवडला. सेन्सरवर गोगलगाय बसली किंवा शेवाळ धरलं तरी तो पंप बंद करतो. असा जोड नसलेलं यंत्र स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

माहितीपत्रक मात्र फारच त्रोटक. नळीचं तोंड पाण्याच्या वर ठेवा, हे त्यात कुठेच नाही! तोंड बुडालेलं असलं आणि आरओच्या पाण्याचा कॅन खाली ठेवलेला असला, तर पंप थांबल्यावर टाकीतलं पाणी उलटं कॅनमध्ये उतरतं. कॅन टाकीपेक्षा उंच ठेवला तर उलट टाकी भरत राहते. माझा कॅन खाली, तोही १० लिटरचाच. सगळं बिघडलं तरी त्याहून जास्त पाणी टाकीत जाणार नाही.

वायर आखूड आहे, एक्स्टेंशन लागतंच. पंपाचा आवाज नाही. सेन्सर दर आठवड्याला मऊ कापडानं पुसा.