बाळाची फुप्फुसे समजावून सांगणारा नौपाड्यातला वर्ग

माझी थोरली मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, तेव्हा अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर आम्हाला एवढेच कळले होते की ‘फुप्फुसे कच्ची आहेत’. कच्ची म्हणजे नेमके काय, हे त्या अठरा दिवसांत कोणी बसून सांगितले नाही, आणि विचारण्याचे बळ आमच्यातही नव्हते. म्हणूनच या दुसऱ्या खेपेस, नौपाड्यातील एका प्रसूतिगृहात रविवारी सकाळी भरणाऱ्या मातांच्या वर्गाला सासूबाईंना घेऊन मी आवर्जून गेले. अडीच तासांचे दोघींचे मिळून ४०० रुपये घेतात.

वर्ग घेणाऱ्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी सुरुवातीलाच सासूबाईंच्या हातात आतून ओली केलेली प्लॅस्टिकची पातळ पिशवी दिली आणि उघडायला सांगितली. दोन्ही पदर एकमेकांना असे चिकटले होते की बोटांना दाद देईनात. मग आत साबणाच्या पाण्याचे चार थेंब सोडले आणि पदर सरकन सुटले. बाळाच्या फुप्फुसातील हवेच्या पिशव्या श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून तिथल्या पेशी असाच एक साबणासारखा द्राव बनवतात. तो साधारण चोविसाव्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो, पण पुरेसा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे उजाडतात. सासूबाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे आपल्या चिऊकडे हेच नव्हतं.” माझ्या मते वर्गाचे पैसे तिथेच वसूल झाले.

पण मला सर्वांत भावला तो पुढचा भाग, म्हणजे मायक्रोआरएनए या पेशीतल्या इवल्याशा रेणूंचा. फुप्फुसाचा कोंब चौथ्या आठवड्यात फुटतो, त्याला फांद्या आणि फांद्यांना डहाळ्या येत जातात; पण वाढ कधी थांबवायची आणि पेशींनी पक्व होऊन आपापल्या कामाला कधी लागायचे, हे ठरवणाऱ्यांत जेमतेम २२ अक्षरांचे हे आरएनए असतात. प्रथिन बनवण्याचा जनुकाचा निरोप घेऊन निघालेल्या आरएनएला गाठून ते तो निरोप अडवतात. १९९३ साली एका इवल्याशा कृमीत ते प्रथम सापडले आणि त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. हे तुकडे कापून देणारे डायसर नावाचे विकर उंदराच्या गर्भातील फुप्फुसाच्या अस्तरातून काढून टाकले, तेव्हा फांद्या फुटणेच थांबले आणि मोजक्या फुगीर पिशव्या तेवढ्या उरल्या. १७-९२ या मायक्रोआरएनएंच्या गटाविना जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांची फुप्फुसे खुरटी होती आणि ती जन्मानंतर लगेच दगावली. उलट तोच गट फुप्फुसात प्रमाणाबाहेर वाढवला, तेव्हा पेशींची संख्या वाढत राहिली, पण त्या पक्व होईनात. ‘कच्ची’ या शब्दाचा अर्थ मला त्या वाक्यात पहिल्यांदा सापडला. शिवाय मायक्रोआरएनएंचे २०० क्रमांकाचे कुटुंब झेब-१ नावाच्या प्रथिनाला आवरते आणि त्यामुळे साबणासारखा द्राव बनवणाऱ्या पेशींची वाट मोकळी होते, हे मानवी गर्भाच्या पेशींवरही दिसले आहे.

एका ताईंनी लगेच विचारले, मग याची तपासणी कुठे होते? मॅडमनी स्पष्ट सांगितले की दवाखान्यात अशी नेहमीची तपासणी आज नाही, आणि उंदरातले निष्कर्ष म्हणजे उपचार नव्हेत. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटला.

उणीव सांगायची तर, ज्याचा आईला प्रत्यक्ष उपयोग आहे त्या इंजेक्शनांना शेवटची दहाच मिनिटे उरली. वेळेआधी प्रसूतीची शक्यता दिसली की आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देतात, कारण स्टेरॉइडमुळे फुप्फुसे लवकर पक्व होतात. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्येच याचा पुरावा मांडला होता. कोणत्या लक्षणांवर रुग्णालय गाठायचे, उशीर झाला तर काय, हे सारे घाईत उरकले. पडद्यावरच्या आकृत्यांतील नावे इंग्रजीत होती, त्यामुळे सासूबाईंना दर वेळी मला विचारावे लागे. शिवाय वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि उद्वाहन नाही, हे गरोदर बायकांच्या वर्गाला मुळीच शोभत नाही.

तरीही जायचे असेल तर विसाव्या आठवड्याच्या आसपासच जा, माझ्यासारखा अठ्ठाविसावा उजाडू देऊ नका. आणि प्रसूतीच्या वेळी जे माणूस सोबत असणार आहे, त्यालाच बरोबर न्या.