वाचनालयाचा बाद पुस्तकांचा सेल: ३ स्टार, चौथा देणार होतो पण
रविवारी आमच्या वाचनालयाचा सेल गाठला. निर्लेखन केलेली पुस्तकं, म्हणजे रजिस्टरमधनं बाद केलेली, सरसकट २० रुपये. दहाला उघडणार होते, साडेदहाला कुलूप निघालं. जीपे चालत नाही, सुट्टे न्या.

जे काढलंय त्यातलं निम्म्याहून जास्त खरंच काढायच्याच लायकीचं होतं. विंडोज ९८ शिकवणारी पुस्तकं, सेल्स टॅक्सची गाइडं (जीएसटी २०१७ लाच आला की हो!), कसर लागलेल्या कादंबऱ्या, पान उलटलं की तुकडा हातात. बऱ्याच ठिकाणी हे करायला घाबरतात कारण सरकारी अनुदानासाठी वाचनालयाचा अ ब क ड वर्ग ठरवताना पुस्तकं किती तेही बघतात, मग मेलेली पुस्तकंसुद्धा हजेरीपुरती कपाटात उभी. आमच्याकडं निदान कपाटं मोकळी झाली, नवीन पुस्तकं आडवी कोंबलेली असायची ती आता दिसतात तरी. मला १४० रुपयांत ७ मिळाली, एकातल्या चिठ्ठीवर तारखेचा शेवटचा शिक्का १९९४ चा.

आता चौथा स्टार कुठं गेला ते. कोपऱ्यात जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे, चक्क किलोवर! काउंटरवरच्या काकांना विचारलं तर म्हणाले, कॉम्प्युटरनं यादी काढली, दहा वर्षांत एकदाही इश्यू नाही. अहो काका, ते संदर्भ विभागातले, त्यावर 'घरी देता येणार नाही' असं तुम्हीच चिकटवलंय, मग इश्यू होणार कसे? लोक तिथंच टेबलावर बसून वाचायचे त्याची नोंद कोण ठेवतंय. कादंबरी दुसरीकडं मिळेल, तालुक्यातल्या प्रेसनं छापलेला अंक कुठनं आणणार? काकांनी ऐकून घेतलं हां, दोन गठ्ठे उचलून परत आत ठेवले, बाकीचे तोवर वजन होऊन गेलेले.

घेताना आतल्या पानावर 'बाद' चा शिक्का बघून घ्या, नुसताच दाखल नंबर (वाचनालयाच्या रजिस्टरमधला पुस्तकाचा नंबर) असला तर उद्या कुणीही म्हणेल ढापलंय. माझ्या एकावर नव्हता, परत रांगेत उभा राहून मारून घेतला. पुढच्या रविवारी उरलेली १० रुपयांना देणार म्हणे. पिशवी घरची न्या, आणि आणल्या आणल्या कपाटात लावू नका, आधी पान न् पान झटका, नाहीतर कसर तुमच्या पुस्तकांत.