चॉकलेट कॉब्लर आणि हर्शीजची कोको पावडर: लातूरच्या स्वयंपाकघरातून एक अभिप्राय

कोको पावडर चांगली आहे की नाही हे केक करून नीट कळत नाही, असे माझे मत आहे. केकमध्ये अंडी, लोणी आणि वरचे क्रीम यांच्या आड कोकोचे बरेचसे उणेपण झाकले जाते. गरम चॉकलेट कॉब्लरमध्ये मात्र आडोसा उरत नाही, कारण या पदार्थाचा निम्मा भाग म्हणजे कोको, साखर आणि पाणी यांचा रस्साच असतो. त्यामुळे हर्शीजच्या साखरविरहित नैसर्गिक कोको पावडरचा हा अभिप्राय मी कॉब्लरच्याच कसोटीवर लिहीत आहे. लातूरसारख्या शहरात घरच्या घरी हा पदार्थ करू पाहणाऱ्यांना उपयोगी पडावा म्हणून कृतीही सविस्तर दिली आहे.

कॉब्लर हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतला घरगुती गोड पदार्थ आहे. तिकडे तो पीच किंवा बेरी घालून अधिक प्रमाणात केला जातो आणि चॉकलेटचा प्रकार त्याच घराण्यातला आहे. वर मऊ, किंचित खुसखुशीत केकचा थर आणि खाली दाट, गरम चॉकलेटचा रस अशी त्याची रचना असते, आणि हे दोन्ही थर एकाच भांड्यात, एकाच वेळी, आपोआप तयार होतात. आपल्याकडच्या घरांना तो सोयीचा वाटण्याचे मुख्य कारण म्हणजे त्यात अंडे नाही, फेटण्याचे यंत्र लागत नाही आणि सजावटीचा खटाटोपही नाही. ज्या घरात अंड्याला प्रवेश नाही तेथे चॉकलेटचा भाजलेला पदार्थ करायचा झाल्यास बहुतेक कृतींत दही, कंडेन्स्ड मिल्क किंवा व्हिनेगर यांच्या तडजोडी कराव्या लागतात. कॉब्लर मुळातच बिनअंड्याचा असल्यामुळे त्यात कशाचीही उणीव जाणवत नाही.

प्रथम खरेदीविषयी. गंजगोलाई या लातूरच्या बाजारपेठेच्या परिसरात किराणा दुकानात कोको मागितल्यास समोर अनेकदा ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा ठेवला जातो. दुधात घालून पिण्यासाठी तो योग्य असला तरी त्यात बराचसा भाग साखरेचा असतो, आणि कॉब्लरमध्ये तो वापरल्यास रस अतिगोड, पातळ आणि फिकट होतो. म्हणून डब्याच्या मागची घटकांची यादी वाचणे आवश्यक आहे. तेथे साखर लिहिलेली नसावी. हर्शीजच्या डब्यावर ही कोको नैसर्गिक आणि साखरविरहित असल्याचे स्पष्ट छापलेले असते, ही या उत्पादनाची पहिली जमेची बाजू. मोठी सुपरमार्केट आणि बेकिंगचे साहित्य विकणारी दुकाने यांत तो मिळतो. तालुक्याच्या गावी मात्र ऑनलाइन मागवणे सोपे पडते.

नैसर्गिक कोको आणि अल्कलीने प्रक्रिया केलेली कोको यांतील फरक समजून घेतल्याशिवाय या उत्पादनाचे मूल्यमापन अपुरे राहील. 1828 मध्ये नेदरलंड्समधील व्हॅन हाउटेन कुटुंबाने कोकोच्या बियांतील स्निग्धांश दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे उरलेल्या चोथ्यावर अल्कलीची प्रक्रिया करण्याची पद्धतही त्यांनीच रूढ केली. म्हणून अशा कोकोला डच प्रक्रियेची कोको म्हणतात. ती रंगाने गडद आणि चवीने सौम्य असते. नैसर्गिक कोको त्या मानाने फिकट तपकिरी आणि किंचित आंबट असते, कारण तिचा पीएच (आम्लतेचे माप; सातपेक्षा जितका कमी तितकी आम्लता अधिक) साधारणपणे साडेपाचच्या आसपास असतो. आपल्याकडच्या काही डब्यांवर डच असा शब्द नसतो. तेथे घटकांत 500 किंवा 501 या क्रमांकांचे आम्लता नियंत्रक दिसले, तर ती अल्कलीने प्रक्रिया केलेली कोको आहे असे समजावे. हे क्रमांक अनुक्रमे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट गटाचे आहेत.

कॉब्लरसाठी मला नैसर्गिक कोको अधिक योग्य वाटते, आणि त्याचे कारण साखर हे आहे. या पदार्थात साखरेचे प्रमाण बरेच असते आणि ते फार कमी करता येत नाही, कारण रसाला दाटपणा आणि चकाकी साखरेमुळेच येते. सौम्य कोकोबरोबर हा गोडवा दोन-चार चमच्यांनंतर नकोसा होतो. हर्शीजच्या कोकोतील आंबूस, किंचित फळासारखा आणि कडवट स्वाद त्या गोडव्याला आवर घालतो व वाटी संपेपर्यंत तोंडाला मिठी बसत नाही. रंगाच्या बाबतीत मात्र अपेक्षा माफक ठेवावी: हॉटेलच्या छायाचित्रात दिसणारा काळपट रंग या कोकोने येत नाही, लालसर तपकिरी येतो. ज्यांना गडद रंगच हवा असेल त्यांनी बेकिंग पावडर वापरून केलेल्या या कृतीत डच कोको निःशंकपणे घ्यावी, कारण बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर त्याला लागणारे आम्लही असते आणि फुगण्यासाठी कोकोच्या आम्लतेवर अवलंबून राहावे लागत नाही.

आता कृती. साधारण 20 सेंटिमीटर लांबीरुंदीचे आणि किमान 5 सेंटिमीटर खोलीचे भांडे घ्यावे. ओव्हन 175 ते 180 अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा आणि 85 ग्रॅम लोणी भांड्यातच वितळवून घ्यावे. विकतच्या खारट बटरमध्ये मीठ असतेच, त्यामुळे ते वापरल्यास वेगळे मीठ घालू नये. घरचे साजूक तूप वापरायचे असेल तर 70 ग्रॅम पुरते, कारण लोण्यात पाण्याचाही अंश असतो आणि तुपात तो जवळजवळ नसतो. तुपाचा कॉब्लर बटरच्या कॉब्लरपेक्षा कडेने अधिक खरपूस होतो, आणि म्हशीच्या दुधाच्या रवाळ तुपाचा वास कोकोशी इतका जुळतो की आमच्या घरी आता बटर आणले जात नाही.

एका परातीत 125 ग्रॅम मैदा, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, 150 ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे कोको चाळून एकत्र करावे. त्यात अर्धा कप, म्हणजे सुमारे 120 मिलिलिटर दूध आणि एक चहाचा चमचा व्हॅनिला इसेन्स घालून गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे. हे मिश्रण भज्यांच्या पिठाहून घट्टसर होते. ते वितळलेल्या लोण्यावर चमच्याने सगळीकडे सोडावे आणि ढवळू नये. वेगळ्या वाटीत 200 ग्रॅम साखर आणि पाव कप कोको नीट मिसळून त्या पिठावर समान पसरावे. शेवटी दीड कप, म्हणजे सुमारे 360 मिलिलिटर उकळते पाणी हळूहळू ओतावे आणि पुन्हा एकदा, ढवळू नये. या टप्प्यावर भांड्यातले दृश्य अजिबात आशादायक नसते; वर काळसर पाणी, खाली पीठ आणि कडेला तरंगणारे तूप. तरीही चमचा लावण्याचा मोह टाळावा, कारण ढवळल्यास दोन थर न होता एकच ओलसर, जड केक तयार होतो.

पुढे ओव्हनमध्ये जे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. बेकिंग पावडरमुळे पिठात वायूचे बुडबुडे तयार होतात, ते हलके होऊन वर येते आणि साखर व कोको विरघळलेले पाणी कडांवरून व भेगांमधून तळाशी उतरते. तेथे पिठातून सुटलेल्या स्टार्चमुळे आणि साखरेमुळे त्याचा दाट रस होतो. पाणी उकळते असण्यामागेही कारण आहे. कोकोमध्ये स्निग्धांश असल्यामुळे ती थंड पाण्यात भिजत नाही, गोळे धरते; कोकोचा स्निग्धांश साधारण 34 अंशांच्या आसपासच वितळत असल्यामुळे गरम पाण्यात ती सहज मिसळते आणि तिचा सुगंधही मोकळा होतो. साखरेबरोबर आधी मिसळल्याने कोकोचे कण एकमेकांपासून सुटे राहतात. हर्शीजची कोको बारीक दळलेली आहे, तरीही पावसाळ्यात डब्यात गुठळ्या धरते. चाळून घेतल्यास रसात कण लागत नाहीत.

पाण्याबद्दल एक सूचना मराठवाड्यातील वाचकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत वापरायला बोअरचे जड, मचूळ पाणी असते आणि उकळले तरी त्यातील क्षार जात नाहीत. कॉब्लरचा रस म्हणजे प्रामुख्याने पाणीच असल्यामुळे तो मचूळपणा स्पष्ट जाणवतो आणि कोकोची आंबूस धार बोथट होते. म्हणून पिण्याचेच पाणी वापरावे.

भाजण्यास 30 ते 38 मिनिटे लागतात. वरचा थर कोरडा व किंचित भेगाळलेला दिसावा, कडेला रस खदखदताना दिसावा आणि भांडे हलवल्यास मध्यभाग थोडा डुलावा. केकप्रमाणे मध्यात काडी घालून ती कोरडी निघेपर्यंत थांबल्यास रस आटून जातो. काडीने तपासायचेच असेल तर फक्त वरच्या थरापुरतीच टोचावी. रस उतू जाण्याची शक्यता असल्याने भांड्याखाली ताट ठेवणे चांगले. काचेचे भांडे बोरोसिलिकेटचे असेल तरच वापरावे, कारण साधी काच उकळत्या पाण्याने तडकू शकते. ॲल्युमिनियमचा खोलगट केकचा डबा हा स्वस्त आणि निर्धोक पर्याय आहे.

घरी ओव्हन नसेल किंवा विजेचा भरवसा नसेल, तर जाड बुडाच्या कुकरमध्येही कॉब्लर होतो. कुकरची शिटी आणि रबर काढून, तळाशी मीठ पसरून, त्यावर जाळी ठेवून तो मध्यम आचेवर 10 मिनिटे तापवावा व नंतर भांडे ठेवून मंद आचेवर 40 ते 45 मिनिटे भाजावे. कुकरमध्ये पाणी अजिबात घालू नये. चव आणि रस यांत फरक पडत नाही. परंतु झाकणाखाली वाफ साठत असल्यामुळे वरचा थर मऊच राहतो, त्याला पापुद्रा येत नाही. माझ्या दृष्टीने तो पापुद्रा या पदार्थाचा महत्त्वाचा भाग आहे, म्हणून शक्य असेल तेथे ओटीजी, म्हणजे विजेचा घरगुती ओव्हनच वापरावा. दोन्ही दांड्या चालू ठेवून भांडे मधल्या खणात ठेवले, तर लहान ओटीजीही पुरतो.

या कोकोबरोबर केलेला एक बदल मला मूळ कृतीहून अधिक आवडला. वरच्या थरातील 200 ग्रॅम साखरेपैकी निम्म्या साखरेऐवजी 80 ते 90 ग्रॅम गूळ पावडर घ्यावी. आपला भाग उसाचा, त्यामुळे चांगला गूळ शोधावा लागत नाही. गुळाचा खमंगपणा आणि नैसर्गिक कोकोचा आंबूसपणा एकत्र आल्यावर रसाला जी खोली येते, ती केवळ साखरेने येत नाही. गूळ दुधाच्या मिश्रणात मात्र घालू नये, कारण दूध फाटण्याची शक्यता असते. मैद्यापैकी पाव भाग ज्वारीचे पीठ घेतल्यासही पदार्थ बिघडत नाही, कारण येथे पिठाला ताणाची गरज नसते. वरचा थर थोडा ठिसूळ होतो आणि ज्वारीची चव हलकेच जाणवते. पीठ ताजे दळलेले असावे, जुन्या पिठाचा कडवटपणा चॉकलेटमध्ये लपत नाही.

ओव्हनमधून काढल्यावर भांडे 10 ते 15 मिनिटे तसेच राहू द्यावे. लगेच वाढल्यास रस पातळ वाटतो आणि तोंडही भाजते. तेवढ्या वेळात तो चमच्याला चिकटण्याइतका दाट होतो. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम देण्याची रीत आहे आणि ती उत्तमच आहे, परंतु थंडीच्या दिवसांत, वेळअमावास्येच्या सुमारास रात्री गारठा वाढलेला असताना, मी घट्ट साय नुसती फेटून वर घालते. सायीत साखर नसल्यामुळे ती या रसाला आइस्क्रीमपेक्षाही अधिक न्याय देते. वर दिलेल्या प्रमाणात सहा ते आठ माणसांचे पोटभर होते.

दुसऱ्या दिवशी उरलेला कॉब्लर वेगळाच पदार्थ होतो, कारण रात्रभरात केक बराचसा रस शोषून घेतो. वाटीत घेऊन त्यावर दोन चमचे दूध घालून गरम केल्यास तो पुन्हा मऊ होतो, पण रस पहिल्या दिवशीइतका सुटत नाही. म्हणून पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी करून ठेवू नये. पीठ व वरचे कोरडे मिश्रण मोजून तयार ठेवावे आणि जेवायला बसतानाच भांडे ओव्हनमध्ये घालावे.

किंमत आणि साठवण यांविषयी. एका वेळी सुमारे 35 ग्रॅम कोको लागते, म्हणजे 225 ग्रॅमच्या डब्यात साधारण सहा वेळा हा पदार्थ होतो. देशी डब्यांच्या तुलनेत हर्शीजचा डबा महाग पडतो. केवळ केकसाठी किंवा मुलांच्या दुधासाठी कोको लागणाऱ्या घराने एवढा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. कॉब्लर, चॉकलेट सॉस किंवा ब्राउनी असे कोकोच्याच बळावर उभे राहणारे पदार्थ करणाऱ्यांनी हा खर्च अवश्य करावा. डबा फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर आत ओल धरते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा तो गॅसच्या ओट्यापासून आणि पश्चिमेकडच्या भिंतीतल्या कपाटापासून दूर, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, झाकण घट्ट लावून ठेवावा आणि त्यात ओला चमचा कधीही घालू नये.