बुद्धिबळाचे डिजिटल घड्याळ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत दर रविवारी सकाळी मी दहा-बारा मुलांना बुद्धिबळ शिकवतो. गेल्या दिवाळीत आम्ही चावीची जुनी घड्याळे कपाटात ठेवली आणि पालकांच्या वर्गणीतून चार डिजिटल घड्याळे घेतली. मध्यम किमतीच्या या घड्याळांत प्रत्येक खेळीमागे ठरावीक सेकंद वाढवून मिळण्याची सोय आहे. आपल्या मुलासाठी असे घड्याळ घरी घ्यावे का, असे पालक वरचेवर विचारतात. घ्यावे, असेच माझे मत आहे. मात्र मुलाचा वेग वाढावा म्हणून घेऊ नये. मूल कुठे विचार करते आणि कुठे करतच नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही, म्हणून घ्यावे.

वेळ वाढवून देण्याची ही पद्धत अमेरिकेचा माजी जगज्जेता बॉबी फिशर याची. त्याने १९८८ मध्ये अशा घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९२ मध्ये जुना प्रतिस्पर्धी बोरिस स्पास्की याच्याविरुद्धच्या सामन्यात ते वापरले गेले. आम्ही प्रत्येक खेळाडूला पूर्ण डावासाठी १५ मिनिटे आणि प्रत्येक खेळीला जादा १० सेकंद असे लावतो. मुलांकडे एकच जादा काम असते : खेळी लिहिली की तिच्याशेजारी घड्याळात उरलेला वेळही लिहायचा. आधीच्या आकड्यात १० सेकंद मिळवून नवा आकडा वजा केला की त्या खेळीला किती वेळ लागला ते निघते. हे गणित मुले हौसेने करतात.

अकरा वर्षांच्या एका मुलीचा कागद माझ्यासमोर आहे. तेराव्या खेळीनंतर तिच्याकडे ११ मिनिटे ४२ सेकंद होते आणि चौदाव्यानंतर ११ मिनिटे ४९ सेकंद, म्हणजे वेळ उलट वाढलेला. चौदावी खेळी तिने ३ सेकंदांत केली आणि त्या ३ सेकंदांत वजिराने पटावरच्या बी२ या घरातले प्यादे खाल्ले. चार खेळ्यांनंतर वजीर कोंडला गेला. त्याच कागदावर नवव्या खेळीला तिने चार मिनिटे घेतली आहेत, दोन हत्तींपैकी कोणता मधल्या पट्टीत आणावा एवढ्यासाठी; खरे तर तिथे कोणताही चालला असता. तेरापैकी उरलेल्या बारा खेळ्यांना मिळून साधारण दीड मिनिट. तिने हे आकडे स्वतः मांडले, बराच वेळ कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘सर, खायला मिळालं की मी थांबतच नाही.’’ मी हीच गोष्ट तिला वर्षभर सांगत होतो. पटली ती त्या दिवशी.

पटकन केलेली खेळी चुकीचीच असते, असे मात्र पालकांनी समजू नये. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी निरनिराळ्या ताकदीच्या खेळाडूंना एकेक स्थिती दाखवून मोठ्याने विचार करायला लावले आणि १९४६ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. थोर खेळाडू इतरांपेक्षा फार खोलवर मोजतात असे त्यांना आढळले नाही. चांगली खेळी या खेळाडूंना सुरुवातीलाच दिसत होती. पुढे १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातली स्थिती ५ सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला सांगितली, तेव्हा मास्टर दर्जाचा खेळाडू नवख्यांच्या कितीतरी पुढे होता. पण सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की त्याची आघाडी जवळजवळ संपली. म्हणजे त्याची झटपट दृष्टी हजारो डावांतून ओळखीच्या झालेल्या मांडण्यांची असते. अकरा वर्षांच्या मुलीकडे तेवढा साठा अजून जमलेला नाही, त्यामुळे तिच्या ३ सेकंदांत डोळ्यांआधी हात पुढे जातो. अर्थशास्त्रज्ञ एरियल रुबिनस्टाइन यांनी २००७ मध्ये हजारो लोकांच्या उत्तरांना लागलेला वेळ तपासून सहजप्रेरणेचे निर्णय आणि विचारपूर्वक घेतलेले निर्णय वेगळे ओळखण्याचा प्रयत्न केला होता. आमचे घड्याळ लहान प्रमाणावर तेच करते.

मुलांना मी नेहमी १२ डिसेंबर २०२४ चा सिंगापूरचा डाव दाखवतो. जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या त्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन याने ५५ वी खेळी म्हणून हत्ती एफ२ वर नेला. ती घोडचूक त्याचा प्रतिस्पर्धी गुकेश याच्याही पहिल्या नजरेत आली नव्हती. आपण हत्ती बी३ वर नेणार होतो, तेवढ्यात डिंगचा उंट अडकत असल्याचे दिसले, असे गुकेशने नंतर सांगितले. त्याने खेळी बदलली आणि डाव जिंकला. ठरलेली खेळी हातात असताना पुन्हा एकदा पटाकडे पाहणे, एवढ्या एका सवयीचे मोल मुलांना या डावातून कळते.

आता उणिवा. आमच्या घड्याळात वेळ पूर्ववत करणारे बटण थांबवण्याच्या बटणाला खेटून आहे. दोन चांगले डाव त्यामुळे मध्येच पुसले गेले. खिडकीजवळच्या पटावर उन्हाची तिरीप आली की आकडे दिसत नाहीत. शेवटच्या सेकंदांचा आवाज शेजारच्या पटांना त्रास देतो, तो बंद करण्याची रीत माहितीपत्रकात शोधूनही नीट सापडत नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे प्रत्येक खेळीचा वेळ हे घड्याळ साठवून ठेवत नाही, तो हातानेच लिहावा लागतो.

एक अडचण घड्याळाची नव्हे, आमची आहे. कागदावर वेळ दिसावा म्हणून एक मुलगा दोन मिनिटे छताकडे पाहत बसला आणि मग मनात आधीच ठरलेली खेळी खेळला. घड्याळ वेळ मोजते, त्या वेळात काय घडले ते त्याला कळत नाही. म्हणून आता एक मिनिटापेक्षा जास्त वेळ घेतलेल्या प्रत्येक खेळीसाठी, तेव्हा समोरच्याच्या कोणत्या उत्तराचा विचार केला होता, हे मुलाने डाव संपल्यावर दोन शब्दांत लिहायचे असते. रकाना कोरा राहिला तर त्या स्थितीपासून डाव पुन्हा मांडतो. घड्याळ घेताना सेकंद स्वतः ठरवता येतात का आणि बटणे एकमेकांपासून पुरेशी दूर आहेत का, एवढे दुकानातच हाताळून पाहावे.