कीटोवर आहात तर पापलेट घ्यायचं की बांगडा?

कीटो, म्हणजे कार्ब्स (पिष्टमय पदार्थ आणि साखर) अगदी कमी आणि फॅट जास्त असा आहार, सुरू केलं की आपल्यासारखे मासेखाऊ खूश होतात, कारण माशात कार्ब्स जवळपास नसतातच, आणि मग बाजारात जाऊन सवयीने पापलेटच उचलतात. मी म्हणेन रोजच्यासाठी बांगडा घ्या.

कीटोत पोट फॅटने भरायचं असतं. पापलेट मऊ, काटे कमी, पोरंही आवडीने खातात, पण फॅट बेताचं, म्हणून दोन तुकडे खाल्ले तरी लवकर भूक लागते, घ्यायचंच असेल तर वरून खोबरेल तेल नाहीतर लोणी सढळ हाताने घाला. बांगडा आणि तारली मुळातच तेलकट, ओमेगा-३ भरपूर, पावसाळ्यानंतर तर आणखी तेल धरतात, आणि पापलेटपेक्षा कितीतरी स्वस्त. सुरमई चवीला मस्तच, पण मोठा शिकारी मासा असल्याने त्यात पारा जास्त साठतो, त्यामुळे रोज नको, गरोदर बायकांनी तर नकोच, मोरीचंही तेच.

बांगडा मात्र ताजाच हवा हां, डोळे चकचकीत आणि कल्ले लाल बघूनच घ्या. बर्फाशिवाय पडून राहिला की त्यात हिस्टामाइन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, मग अंगावर लाल चट्टे उठतात, डोकं दुखतं.

आणि खरी गडबड माशात नसतेच, रव्यात असते. दोन मोठे चमचे रवा म्हणजे साधारण २० ग्राम, त्यातच १४-१५ ग्राम कार्ब्स, आणि कडक कीटोवाल्यांची दिवसाची मर्यादाच २० ग्राम! त्यापेक्षा नुसतं हळद, मीठ, तिखट, आगळ लावून तव्यावर खोबरेल तेलात भाजा, नाहीतर तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करा, वासाची तक्रारही राहत नाही. सोबत सोलकढी चालते, साखर न घालता. भात सोडवत नाही हे मला कळतं, पण एका मोठ्या वाटीत ४० ग्रामच्या आसपास कार्ब्स असतात, तिथे सगळंच संपतं.

डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कार्ब्स एकदम कमी केले की शुगर फार खाली जाऊ शकते.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुका बांगडा आहेच, फक्त मीठ फार असतं, बीपीवाल्यांनी भिजवून, पाणी टाकून देऊन, थोडाच खावा.