ठासणी ठेवायची की बाराबोर घ्यायची? शेतीसंरक्षणाची बंदूक बदलायच्या विचारात असलेल्यांसाठी

आमच्या राजापूर-देवगड पट्ट्यात हल्ली बऱ्याच घरांत हाच विषय आहे. वडील थकले, बंदूक परवान्यासकट मुलाच्या नावावर करायची, मग तीच जुनी ठासणी, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छरे ठासून भरायची बंदूक, पुढे चालवायची की बदल करून काडतुसाची बाराबोर घ्यायची. मी दोन्ही वापरल्यात, ठासणी आजोबांपासूनची घरातलीच होती आणि आता एकनळी बाराबोर आहे, म्हणून चार गोष्टी लिहितोय. परवाना कसा, फॉर्म कुठला, ते सांगत बसत नाही, ज्याच्या घरात बंदूक आहे त्याला ऑफिसच्या पायऱ्या पाठच असतात. एवढंच सांगतो की १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीराखणीची ठासणी आणि किमान २० इंच नळीची साधी छऱ्याची बंदूक एकाच कलमात शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे बदल मागणं म्हणजे काही जगावेगळं मागणं नाही. देणं न देणं अर्थात साहेबाच्या हातात.

अजून एक आधीच मिटवून टाकू. बंदुकीचा विषय निघाला की कोणीतरी भेकराच्या मटणाच्या आठवणी काढतोच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद आहे, भेकर, सांबर, पिसोरी कशालाच हात लावायचा नाही, आणि रानडुक्कर भात लोळवतोय म्हणून त्याला मारायचं झालं तरी वनखात्याची लेखी परवानगी हातात पाहिजे. नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही, हे अजून खूप जणांना माहीतच नाही. तेव्हा खाली जे लिहिलंय ते राखणीबद्दल आहे, आणि बहुतेक रात्री राखण म्हणजे बार न काढताच घरी येणं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, माझा सगळा निर्णय त्याच्यावरच फिरला.

आता ठासणीची बाजू. जुनी माणसं एकच मुद्दा सांगतात आणि तो काही वाईट मुद्दा नाही, की एकच बार असतो, परत भरायला दोन मिनिटं जातात, त्यामुळे माणूस उगाच उडवत नाही, नीट थांबतो, नेम धरतो. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला बऱ्याच राज्यांत ठासणीचा वेगळा मोसमच ठेवलेला असतो, पेनसिल्व्हेनियात तर नाताळनंतर फक्त चकमकीच्या ठासणीचा, आणि तिथले शिकारीसुद्धा हेच बोलतात, एक गोळी हातात असली की माणूस जवळ जातो, जनावर आडवं उभं राहीपर्यंत वाट बघतो, नाहीतर सोडून देतो. पटण्यासारखं आहे. शिवाय ठासणी स्वस्त पडते, काडतुसांच्या मागे पळावं लागत नाही, आणि खरं सांगायचं तर आजोबांची वस्तू म्हणून जीव अडकलेला असतो तो वेगळाच.

पण मला जे छळलं ते हे, की भरलेली ठासणी रिकामी करायला बार काढण्यावाचून धड उपायच नाही.

म्हणजे बघा. दसऱ्याच्या आसपास भात पिकायला आलेलं, तुम्ही संध्याकाळी मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, जाऊन बसलात, बंदूक भरून ठेवलीत. दारू, त्यावर काथ्या, छरे, परत काथ्या, सगळं गजाने ठासून. रात्रभर डुकरं आलीच नाहीत, किंवा आली पण शेजारच्या वाडीच्या अंगाला होती म्हणून तुम्ही शहाण्यासारखा बार काढला नाहीत. उत्तम. आता पहाटे घरी जायचंय आणि हातात भरलेली बंदूक आहे. करणार काय? हवेत बार काढला तर सगळी वाडी उठणार, वर गेलेले छरे कुठेतरी खाली येणारच. गजाच्या टोकाला स्क्रू लावून काथ्या उपसून काढता येतो, पण त्यासाठी हात आणि तोंड नळीच्या पुढ्यात न्यावं लागतं, ते मला कधीच पटलं नाही. म्हणून कोकणातल्या निम्म्या घरांत होतं तेच होतं, केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) काढायची आणि बंदूक तशीच भरलेली खुंटीला. आमच्याकडे लहानपणी आजीचं ठरलेलं वाक्य होतं, "भरलली आसा, हात लावू नको." पण दोन दिवसांनी भाऊ मुंबईहून येतो, त्याला कोणी सांगितलेलं नसतं, तो वरून दुसरा बार ठासतो, आणि दुहेरी भरलेली नळी फुटली तर पुढे काय होतं ते सांगायला नको. गज आत टाकून किती बाहेर राहतो ते बघायची पद्धत आहे, माहीत सगळ्यांना असते, अंधारात बघतो कोण?

आणि याच्याही पुढची गोष्ट, जी मला जास्त खटकते. भरलेला बार पावसाळी हवेत ओल धरतो, उद्या उडेल न उडेल, म्हणून माणसाच्या डोक्यात सारखं असतं की हा बार काढून टाकायला पाहिजे. मग पहाटे परत येताना काजूच्या बुंध्याशी काहीतरी हललं की मन म्हणतं, नाहीतरी बार काढायचाच आहे. एकच बार असल्यामुळे माणूस जपून मारतो म्हणतात ना, माझ्या अनुभवाने भरताना जपतो, रिकामी करताना जपत नाही. दुसऱ्यांचा अनुभव वेगळा असेल, असू दे. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या नव्या ठासण्यांना मागच्या बाजूला फिरवून काढता येणारा प्लग असतो, तो काढायचा आणि न उडवता दारू-गोळी ढकलून बाहेर. एक बार म्हणजे संयम असं बोलणाऱ्या लोकांनासुद्धा हा त्रास होताच की, त्याशिवाय ही सोय कशाला केली असती. आपल्या जुन्या नळीला मागे काही उघडत नाही.

बाराबोरचं काय, नळी उघडायचा खटका दाबा, नळी मोडा म्हणजे बिजागरीवर खाली वाकवा, काडतूस काढून खिशात टाका. झालं. मांगराबाहेर पडताना बंदूक मोडलेली, शेजाऱ्यालाही लांबून दिसतं की रिकामी आहे. बार न काढणं इतकं सोपं झालं की मी बार काढतच नाही फारसा. (घरचे म्हणतात मग घेतलीस कशाला, तो विषय वेगळा.)

बाकीचे फरक पटापट सांगतो. ठासणीचा धूर, विशेषतः रात्री. कपाळाला बॅटरी असते आणि बार काढला की समोर पांढरी भिंत उभी राहते, जनावर पडलं, पळालं, कुठल्या बाजूला गेलं, काही दिसत नाही. हे मला साधं गैरसोयीचं वाटत नाही, कारण जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत जाऊन बसलं आणि तुम्हाला पत्ताच नसला तर सकाळी त्याची गाठ पडते ती गुराख्याशी. दुसरं गंज. काळ्या दारूचा मळ हवेतलं पाणी ओढतो, त्यात आपली खारी हवा, त्याच रात्री गरम पाण्याने धुऊन तेल लावलं नाही तर सकाळी नळीत तांबूस दिसायला लागतं. आणि केप ओलसर झाली की नुसतं टक् होतं, तेव्हा नळी लगेच तोंडाकडे वळवून बघू नका, मिनिटभर तशीच सुरक्षित बाजूला धरून ठेवा, कधीकधी बार उशिरा उडतो.

बाराबोरला त्रास नाही असं नाही हं. काडतुसं किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं, दुकान लांब, आणि पाहिजे तो छरा पाहिजे तेव्हा मिळेलच असं नाही. जुन्या कागदी काडतुसांची तर पावसात फुगून नळीत न जाण्याची खोड प्रसिद्ध आहे, प्लॅस्टिकची घ्या, डब्यात ठेवा. आणि आचारसंहिता लागली की बंदूक जमा करायची नोटीस येते ती दोघींनाही सारखीच, २०२४ च्या विधानसभेला आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे बरोबर भात कापणीच्या तोंडावर. त्यात ठासणीवाल्याला जमा करायच्या आधी बार काढून रिकामी करायची धावपळ, ती एक जास्तीची.

दुनळी घेऊ का, असं विचारतात. माझं मत नको. दुसरा बार शिल्लक आहे म्हटल्यावर पहिला जरा सैल हाताने जातो असं मी आजूबाजूला बघितलंय. ठासणीचा तो एक गुण तेवढा एकनळीत आपोआप टिकतो आणि रिकामी करायची सोयही मिळते. ज्यांना डुक्कर अंगावर येण्याची भीती वाटते ते दुनळीच म्हणणार, त्यांचंही अगदी चूक नाही म्हणा.

बंदूक कुठलीही घ्या, रात्रीचं बघणं मात्र तेच. बॅटरीच्या उजेडात लखलखणारे डोळे दिसले की ते डुक्कर नाही असंच धरून चाला. भेकर, गुरं, कुत्रा, बिबट्या यांच्या डोळ्यात मागे चकाकणारा पडदा असतो, डुकराच्या डोळ्यात तो नसतो, त्यामुळे त्याचे डोळे तसे पेटत नाहीत. आमच्याकडे लोक नेमकं उलटं करतात, डोळे चमकले की चाप. अंग पूर्ण दिसलं पाहिजे, सोंड दिसली पाहिजे, नाहीतर बोट चापाबाहेर. मागे काय आहे तेही बघा, मातीची दरड असेल तर ठीक, पण जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) किंवा उघडा कातळ असेल तर छरे उसळून कुठेही जातात आणि गडग्यापलीकडे दुसरा कोणीतरी राखणीलाच बसलेला असतो. आणि अंतर. मोठ्या छऱ्याचं काडतूससुद्धा ३५-४० यार्डांच्या पुढे भरवशाचं नाही, त्यापुढे छरे इतके फाकतात की एखाददुसराच लागतो आणि जनावर नुसतं जखमी होऊन जातं. मी बाराबोर आणली तेव्हा दरडीसमोर जुनं पोतं टांगून बघितलं, तीस पावलांवर छरे बऱ्यापैकी एकत्र होते, पन्नासवर पोत्यात मोठमोठ्या मोकळ्या जागा. ठासणीचं तर प्रत्येक बाराला वेगळं, काथ्या किती घट्ट बसला, दारू किती कोरडी, यावर सगळं, त्यामुळे तिचं अंतर छातीठोकपणे सांगताच येत नाही.

तर मग ठासणी कोणी ठेवावी? ज्यांना खरंच फक्त आवाज करून डुकरं नि वानर हाकलायचेत, घरात लहान पोरं नाहीत, आणि भरण्यापासून धुण्यापर्यंत सगळं एकाच माणसाच्या हातात आहे, त्यांनी ठेवायला माझी हरकत नाही. नुसत्या आवाजासाठी छरे भरायचीही गरज नसते, त्यामुळे माझी निम्मी तक्रार तिथेच संपते. बाकी ज्यांच्याकडे आज एक उद्या दुसरा असं राखणीला जातं त्यांनी, जमत असेल तर, एकनळी बाराबोरचा विचार करावा असं मला वाटतं. नव्या परवान्याला २०१६ च्या नियमांपासून सुरक्षा प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट लागतं, ते आधी करून घ्या आणि अर्ज मे महिन्यातच टाका, गणपतीत ऑफिसात कोणी भेटत नाही आणि त्यानंतर भात थांबत नाही.