स्लॅबला कुठलं सिमेंट, ओपीसी ५३ की पीपीसी?
ओपीसी ५३ म्हणजे ५३ ग्रेडचं साधं पोर्टलंड सिमेंट. त्याला ताकद लवकर येते, त्यामुळे सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) लवकर काढता येतं. घाईच्या कामाला ते चांगलं. पण उष्णताही जास्त सुटते आणि पाणी मारण्यात हयगय झाली की तडे जातात.

पीपीसी म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट. त्यात साधारण १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे वीजकेंद्रातली राख असते. ते सावकाश पक्कं होतं, म्हणून किमान १० दिवस पाणी मारायलाच हवं. ओपीसीला ७ दिवस चालतात. पोत्यामागे पीपीसी सहसा स्वस्त पडतं. कोकणात खाऱ्या हवेनं सळ्या गंजतात, तिथे तर मी पीपीसीच घ्या म्हणेन. वीटकाम, प्लास्टरलाही तेच.

ब्रँड कुठलाही असो, पोत्यावरचा आयएसआय मार्क आणि उत्पादनाचा आठवडा आधी बघा. तीन महिन्यांपेक्षा जुनं पोतं घेऊच नका.